उसनी पाठ

यवतमाळच्या थंड खोलीत मले पालथं निजवलं,
पोटाखाली उशी.
डोळ्याच्या कोपऱ्यात टीव्हीसारखा पडदा,
त्यात माह्या मणक्याची माळ, राखाडी,
खालचे दोन मणी झिजून एकमेकाले टेकलेले.
डॉक्टर म्हणे, "काय काम करता मावशी?"
म्हटलं, शाळेत खिचडी रांधतो.
एकशे बारा पोट्ट्याईचा गंज चुलीवरून उतरवतो,
एकोणीस वर्सं झाली.
"एकट्याच?"
सुई आत गेली तवा मी मोजत होती
किती गंज झाले असतीन.
हिशोब लागाच्या आत पाय बधिर.

घाटंजीच्या बसमंदी उजवा पाय माहा नव्हताच.
बाजूची बाई ओरडली,
"वो बाई, माह्या अंड्याईच्या पिशवीवर पाय हाय तुमचा!"
मी पाह्यलं तं खरंच होता.

पहिल्या राती झोप नाई.
दुसऱ्या राती बारा वाजता डबे घासले,
एक वाजता तुरीची डाळ निवडली,
दोन वाजता नवऱ्याले उठवून सांगतलं
का तुमच्या बहिणीनं माह्या हळदीत
मले काय म्हटलं होतं.
थो म्हणे, "सुई पाठीत देल्ली का तोंडात?"
मी हसली. मंग रडली.
मंग भूक लागली, परातभर भूक,
थंड्या भाकरीवर जवसाची चटणी,
अन् थे संपली तं अजून एक भाकर.

नळावर वैजयंता म्हणे,
"काय वो पंचफुला, नवी नवरी का काय?"
आरशात पाह्यलं. गाल पळसावानी.
त्रेपन्नाव्या वर्षी ही लाली,
तेही सरकारी दवाखान्यातून.

आशाताईनं बोट टोचलं. साखर दोनशे ऐंशी.
पोरीनं कागद शोधला, तिखटाच्या डब्याखाली होता,
हळदीच्या बोटाचे डाग पडलेला.
वाचून दाखवला:
कधी कधी साखर वाढते. कधी कधी झोप जाते.
कधी कधी चेहरा लाल होते.
माहे सगळे कधी कधी
एकाच हप्त्यात आले होते.

चौथ्या दिवशी जुनी कळ परत आली,
संग आपली बहीण घेऊन.
फोनवर कंपाउंडर म्हणे, औषधाले वेळ लागते, पडून राहा.
पडून राहाले शिकवलं कोणी होतं मले?
खाटेवर पडल्या पडल्या मी छताचे कवेलू मोजले,
दोन फुटके होते, पावसाच्या आधी बदलाचे.

नवव्या दिवशी सकाळी उठली अन् वाटलं
काहीतरी ठेवून विसरली.
गॅस? कोंबड्या? चावी?
अंगणात मधोमध उभी राह्यली
तवा कळलं, कळ नाई.
घरातलं माणूस न सांगता
गावाले निघून गेल्यावानी.

आता शाळेत टेकाम सरनं स्टूल देल्लं हाय.
गंज शेवंता अन् तिची जाऊ उतरवतात,
वाकड्या, रोज थोडी सांडवतात, रोज भांडतात.
मी मीठ सांगतो.
पोट्टे इचारतात, मावशी, तू बिमार हाय का?
मी म्हणतो, नाई रे, मी साहेब झाली.

काल माह्या हातून डाव पडला.
वाकली अन् उचलला.
कोणाचं लक्ष नव्हतं.
उचलल्यावर मलेच आठवलं
का हे मले जमत नव्हतं.
मी इकडे तिकडे पाह्यलं,
डाव मुद्दाम पाडला
अन् पुन्हा उचलला.

तिसऱ्यांदा नाई.
डॉक्टर म्हणे होता, तीन महिने राहीन,
कधी कधी सहा,
कधी कधी तीन हप्ते.
शेजारून आणलेलं पीठ
असं उधळत नाई कोणी.

धुतला डाव, मिठाच्या डब्यावर ठेवला,
अन् स्टुलावर बसली,
ताठ.